जॉर्जिया राज्यातील १९४६ ची गव्हर्नरपदाची निवडणूक : एक पद, तीन दावेदार आणि मताचे मूल्य

प्रस्तावना

जानेवारी १९४७ मध्ये अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात गव्हर्नरपदावर तीन व्यक्तींनी हक्क सांगितला. त्यांपैकी एकाने कार्यालयाची कुलपे बदलून घेतली, दुसऱ्याने राज्यभवनाच्या घुमटाखाली टेबल मांडून कारभार चालू ठेवण्याचा प्रयत्न केला आणि तिसऱ्याने शहरातील एका इमारतीत स्वतःचे कार्यालय थाटले. अधिकृत कागदपत्रांवर उमटवावयाची राज्यमुद्रा नेमकी कोठे आहे हे राज्याच्या सचिवाखेरीज फारच थोड्यांना ठाऊक होते. अमेरिकन इतिहासात हा प्रसंग 'तीन गव्हर्नरांचा वाद' या नावाने ओळखला जातो आणि बहुतेक वेळा तो एक गमतीदार किस्सा म्हणूनच सांगितला जातो.

प्रस्तुत लेखाची भूमिका थोडी वेगळी आहे. निर्वाचित व्यक्तीचा पदग्रहणापूर्वी झालेला मृत्यू हे या वादाचे निमित्त होते. कारण मात्र नव्हते. वादाची मुळे जुलै १९४६ मधील पक्षांतर्गत निवडणुकीत, त्या निवडणुकीत मते मोजण्याच्या विलक्षण पद्धतीत आणि कृष्णवर्णीय नागरिकांना नुकत्याच मिळालेल्या मताधिकाराविषयीच्या भीतीत होती. ती लक्षात घेतल्याशिवाय जानेवारीतील धावपळीचा अर्थ लागत नाही.

आरंभीच एक स्पष्टीकरण आवश्यक आहे. 'गव्हर्नर' या शब्दाचा मराठी पर्याय म्हणून आपण 'राज्यपाल' हा शब्द वापरतो. परंतु भारतातील राज्यपालाची नियुक्ती राज्यघटनेच्या अनुच्छेद १५५ अन्वये राष्ट्रपती करतात आणि तो सामान्यतः मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागतो. अमेरिकन राज्याचा गव्हर्नर लोकांकडून थेट निवडला जातो आणि राज्याची कार्यकारी सत्ता प्रत्यक्ष त्याच्या हाती असते. आपल्याकडील मुख्यमंत्र्याची सत्ता आणि राज्यपालाचे स्थान एकाच व्यक्तीत एकवटले आहे अशी कल्पना केल्यास हे पद बरेचसे समजू शकेल. (आपल्या संविधान सभेनेही १९४७ साली निर्वाचित राज्यपालाची कल्पना प्रथम मान्य केली होती, ती १९४९ मध्ये सोडून देण्यात आली.) म्हणून या लेखात 'गव्हर्नर' हाच शब्द योजिला आहे. तसेच 'लेफ्टनंट गव्हर्नर' या पदाचे 'उपराज्यपाल' असे भाषांतर केल्यास दिल्लीची आठवण होऊन घोटाळा होईल, म्हणून तोही शब्द तसाच ठेवला आहे.

प्राथमिक निवडणूक आणि काउंटी-युनिट पद्धती

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जॉर्जियात, किंबहुना अमेरिकेच्या संपूर्ण दक्षिण भागात, डेमोक्रॅटिक पक्षाचे एकछत्री राज्य होते. रिपब्लिकन पक्ष गव्हर्नरपदासाठी बहुधा उमेदवारच उभा करीत नसे. त्यामुळे नोव्हेंबरमधील सार्वत्रिक निवडणूक हा केवळ उपचार ठरे. खरी लढत उन्हाळ्यात, डेमोक्रॅटिक पक्षाचा उमेदवार ठरविणाऱ्या प्राथमिक निवडणुकीत होई. जो प्राथमिक निवडणूक जिंकेल तोच गव्हर्नर, हे सर्वजण गृहीत धरून चालत.

या प्राथमिक निवडणुकीत मते मोजण्याची पद्धत १९१७ च्या एका कायद्याने निश्चित झालेली होती. जॉर्जियात १५९ काउंटी आहेत. आकाराने आपल्या तालुक्याशी तुलना करता येईल असे हे प्रशासकीय घटक होत. त्यांतील सर्वाधिक लोकसंख्येच्या ८ काउंटींना प्रत्येकी ६, त्यानंतरच्या ३० काउंटींना प्रत्येकी ४ आणि उरलेल्या १२१ काउंटींना प्रत्येकी २ 'युनिट मते' देण्यात आली होती. एकूण युनिट मते ४१०. ज्या उमेदवारास काउंटीत इतरांहून अधिक मते मिळत त्याच्या पदरात त्या काउंटीची सर्व युनिट मते पडत. मताधिक्य एका मताचे असो वा पन्नास हजारांचे. नागरिकांच्या प्रत्यक्ष मतांची राज्यभरची बेरीज निकालाच्या दृष्टीने निरर्थक होती.

या गणिताचा परिणाम काय होत असे हे एका उदाहरणावरून ध्यानात येईल. अटलांटा शहर ज्या काउंटीत आहे त्या फुल्टन काउंटीची लोकसंख्या १९६० च्या जनगणनेनुसार ५,५६,३२६ होती आणि तिला युनिट मते ६. एकोल्स काउंटीची लोकसंख्या १,८७६ आणि युनिट मते २. म्हणजे एकोल्समध्ये एका युनिट मतामागे ९३८ माणसे होती, तर फुल्टनमध्ये ९२,७२१. एकोल्ससारख्या तीन काउंटी एकत्र आल्या की साऱ्या फुल्टनचे मत निष्प्रभ होई. ग्रामीण भागास थोडे झुकते माप देण्याची कल्पना अनेक लोकशाही देशांत आढळते आणि तिचे काही प्रमाणात समर्थनही करता येते. परंतु शंभरास एक या प्रमाणाला झुकते माप म्हणणे कठीण आहे. व्ही. ओ. की या राज्यशास्त्रज्ञाने १९४९ साली प्रसिद्ध झालेल्या दक्षिणेच्या राजकारणावरील आपल्या ग्रंथात जॉर्जियाच्या प्रकरणाला 'गावंढळांचे राज्य' अशा आशयाचे शीर्षक दिले, ते यामुळेच.

आणखी एक गोष्ट येथेच नोंदवून ठेवली पाहिजे, कारण पुढे तिचा संबंध येणार आहे. युनिट मतांची ही वाटणी राज्याच्या प्रतिनिधिगृहातील जागांच्या प्रमाणात होती. मोठ्या ८ काउंटींना प्रत्येकी ३, पुढच्या ३० काउंटींना २ आणि उरलेल्यांना १ याप्रमाणे २०५ प्रतिनिधी असत आणि काउंटीची युनिट मते प्रतिनिधींच्या दुप्पट. म्हणजे ज्या विधिमंडळाने जानेवारी १९४७ मध्ये गव्हर्नर निवडला त्याचे कनिष्ठ सभागृहही याच गणिताचे अपत्य होते.

यूजीन टॅल्मेज आणि विद्यापीठाचा प्रश्न

हे गणित ज्याने पुरेपूर ओळखले होते तो राजकारणी म्हणजे यूजीन टॅल्मेज. जन्म १८८४ चा. वास्तव्य टेलफेअर काउंटीतील मॅक्रे या गावी. पँटला लावलेले तांबडे पट्टे ही त्याची ओळख होती. शेतकऱ्यांच्या सभेत तो कोट काढून टाकी आणि ते पट्टे ओढीत बोलू लागे. ज्या काउंटीत ट्रामगाड्या धावतात तेथील मतांची आपणास गरज नाही, असे तो फुशारकीने सांगत असे आणि युनिट पद्धतीचा विचार करता ती केवळ फुशारकी नव्हती. १९३३ ते १९३७ आणि पुन्हा १९४१ ते १९४३ या काळात तो गव्हर्नर होता.

या दुसऱ्या कारकीर्दीतील एक प्रकरण महाविद्यालयीन प्राध्यापकांनी जरूर लक्षात घ्यावे असे आहे. जॉर्जिया विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्र महाविद्यालयाचे अधिष्ठाता वॉल्टर कॉकिंग यांच्यावर असा आरोप करण्यात आला, की श्वेतवर्णीय व कृष्णवर्णीय एकत्र शिकतील अशा शाळेचा त्यांनी पुरस्कार केला. टॅल्मेजने त्यांच्या बडतर्फीची मागणी केली. विद्यापीठाच्या नियामक मंडळाने प्रथम ती फेटाळली. तेव्हा गव्हर्नरने मंडळातील काही सदस्य बदलले आणि नव्या मंडळाने १९४१ च्या जुलैमध्ये कॉकिंग यांना तसेच स्टेट्सबरो येथील अध्यापक महाविद्यालयाचे अध्यक्ष मार्व्हिन पिटमन यांना काढून टाकले. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये दक्षिणेकडील महाविद्यालयांच्या अधिस्वीकृती संस्थेने राजकीय हस्तक्षेपाच्या कारणावरून जॉर्जियातील श्वेतवर्णीयांच्या शासकीय महाविद्यालयांची अधिस्वीकृती काढून घेण्याचा निर्णय केला. नॅकच्या मूल्यांकनास सामोरे गेलेल्या वाचकांना या शिक्षेचे गांभीर्य वेगळे सांगावयास नको. आपल्या पदवीला राज्याबाहेर किंमत उरणार नाही हे ध्यानात येताच विद्यार्थी आणि पालक दोघेही खवळले. विद्यार्थी गावोगाव प्रचारास गेले. १९४२ च्या प्राथमिक निवडणुकीत टॅल्मेजचा पराभव झाला आणि राज्याचे ॲटर्नी जनरल एलिस अर्नॉल गव्हर्नर झाले. युनिट पद्धती असूनही हे घडले, कारण ही नाराजी केवळ शहरांपुरती राहिली नव्हती. खेड्यातील शेतकऱ्याचा मुलगाही त्याच महाविद्यालयांत शिकत होता.

अर्नॉल यांनी १९४३ मध्ये पद स्वीकारल्यावर नियामक मंडळाला घटनात्मक संरक्षण दिले आणि अधिस्वीकृती परत मिळाली. मतदानाचे वय १८ करणारे पहिले अमेरिकन राज्य होण्याचा मान जॉर्जियाला त्याच वर्षी मिळाला. १९४५ मध्ये मतदानासाठी भरावा लागणारा डोईपट्टीसारखा कर रद्द झाला आणि राज्याची नवी घटना अमलात आली. या घटनेने लेफ्टनंट गव्हर्नर हे पद प्रथमच निर्माण केले. मात्र गव्हर्नरास लागोपाठ दुसऱ्यांदा निवडणूक लढविता येत नसल्याने १९४६ मध्ये अर्नॉल यांना बाजूला राहावे लागले.

१९४६ ची प्राथमिक निवडणूक

डेमोक्रॅटिक पक्षाची प्राथमिक निवडणूक तोवर केवळ श्वेतवर्णीयांसाठीच होती. पक्ष ही खासगी संघटना असून कोणास सभासद करावे हा तिचा प्रश्न आहे, असा त्यामागील युक्तिवाद होता. एप्रिल १९४४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने टेक्सासमधील 'स्मिथ विरुद्ध ऑलराइट' या खटल्यात हा युक्तिवाद नाकारला. त्याच वर्षी ४ जुलै रोजी कोलंबस शहरातील प्रायमस किंग या कृष्णवर्णीय धर्मोपदेशकाने, जो केशकर्तनाचा व्यवसायही करीत असे, जॉर्जियाच्या प्राथमिक निवडणुकीत मत देण्याचा प्रयत्न केला. त्याला बाहेर काढण्यात आले. त्याने दावा लावला. १९४५ मध्ये संघीय न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला, मार्च १९४६ मध्ये अपील न्यायालयाने तो कायम केला आणि एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला.

या निकालातून पळवाट काढण्याचा एक मार्ग शेजारच्या साउथ कॅरोलिना राज्याने दाखवून दिला होता. प्राथमिक निवडणुकीसंबंधीचे सारे कायदेच रद्द करावयाचे, म्हणजे ती निवडणूक संपूर्णपणे खासगी ठरेल आणि न्यायालयाला तिच्याकडे पाहता येणार नाही. त्यासाठी विधिमंडळाचे खास अधिवेशन बोलवा, अशी मागणी अर्नॉल यांच्याकडे झाली. त्यांनी ती मान्य केली नाही. अर्नॉल हे वंशसमतेचे कट्टर पुरस्कर्ते होते असे म्हणता येणार नाही. परंतु न्यायालयाचा निर्णय पाळला पाहिजे एवढी त्यांची भूमिका स्पष्ट होती आणि त्या काळच्या दक्षिणेत एवढेही पुष्कळ होते. परिणामी १९४६ च्या उन्हाळ्यापर्यंत सव्वा लाखाच्या आसपास कृष्णवर्णीय नागरिकांची मतदार म्हणून नोंदणी झाली.

टॅल्मेजला प्रचारासाठी हवा तो मुद्दा मिळाला. श्वेतवर्णीयांची प्राथमिक निवडणूक परत आणणे हाच त्याचा मुख्य कार्यक्रम होता. त्याच्या विरोधात उभे राहिलेले जेम्स कार्मायकेल हे माजी विधिमंडळ सदस्य होते आणि महायुद्धाच्या काळात मॅरिएटा येथील बेल कंपनीच्या बाँबफेकी विमानांच्या कारखान्याचे व्यवस्थापक होते. अर्नॉल यांचा त्यांना पाठिंबा होता. माजी गव्हर्नर ई. डी. रिव्हर्स हेही रिंगणात उतरल्याने टॅल्मेजविरोधी मते काही प्रमाणात विभागली गेली.

टॅल्मेजच्या समर्थकांनी केवळ भाषणांवर भिस्त ठेवली नाही. जॉर्जियाच्या कायद्यानुसार कोणत्याही नागरिकास दुसऱ्या मतदाराच्या पात्रतेस हरकत घेता येत असे. अनेक काउंटींत छापील हरकतपत्रांचे गठ्ठे पोहोचविण्यात आले आणि कृष्णवर्णीय मतदारांना घाऊक प्रमाणात यादीतून वगळण्यात आले. युनिट पद्धतीत लहान काउंटीतील शे-दोनशे मते निर्णायक ठरत असल्याने हा उद्योग फार नेमका होता. शहरात हजारो नावे वगळून जे साधले नसते ते खेड्यात शंभर नावे वगळून साधत असे.

१७ जुलै १९४६ रोजी मतदान झाले. कार्मायकेल यांना ३,१३,३८९ आणि टॅल्मेजला २,९७,२४५ मते मिळाली. म्हणजे कार्मायकेल १६,१४४ मतांनी पुढे होते. युनिट मते मात्र टॅल्मेज २४२, कार्मायकेल १४६ आणि रिव्हर्स २२ अशी पडली. टॅल्मेज विजयी घोषित झाला.

मतदानानंतरचे दिवस रक्तरंजित होते. टेलर काउंटीत मतदान करणाऱ्या एका कृष्णवर्णीय माजी सैनिकास त्याच्या घरी जाऊन गोळ्या घालण्यात आल्या. २५ जुलै रोजी वॉल्टन काउंटीत मूर्स फोर्ड पुलाजवळ दोन कृष्णवर्णीय दांपत्यांना जमावाने ठार केले. या हत्यांच्या पार्श्वभूमीवर ऑगस्टमध्ये अटलांटातील एका वृत्तपत्रात सतरा वर्षांच्या एका महाविद्यालयीन विद्यार्थ्याचे पत्र प्रसिद्ध झाले. कृष्णवर्णीयांना नागरिक म्हणून मूलभूत हक्क हवे आहेत, एवढेच त्याचे म्हणणे होते. त्या विद्यार्थ्याचे नाव मार्टिन ल्यूथर किंग.

मृत्यू आणि घटनेतील मोकळी जागा

बासष्टीला पोचलेल्या टॅल्मेजची प्रकृती प्रचाराच्या काळातच खालावली होती. शरद ऋतूत ती अधिक बिघडली. नोव्हेंबरमधील निवडणुकीत त्याला विरोधक नव्हता; परंतु तो पदग्रहणापर्यंत जगला नाही तर काय, हा प्रश्न त्याच्या निकटवर्तीयांपुढे उभा राहिला. लेफ्टनंट गव्हर्नरपदासाठी निवडून येणार होते मेल्विन थॉम्प्सन. ते अर्नॉल यांच्या प्रशासनातील महसूल आयुक्त आणि टॅल्मेज गटाचे विरोधक.

निकटवर्तीयांनी घटनेची पाने चाळली. त्यातील तीन तरतुदी वाचकांनी ध्यानात ठेवाव्यात, कारण पुढील सर्व वाद त्यांच्याभोवती फिरतो. पहिली : एकूण मतांपैकी बहुमत ज्यास मिळेल तो गव्हर्नर, कोणासही बहुमत नसेल तर सर्वाधिक मते मिळालेल्या आणि हयात असलेल्या दोन व्यक्तींमधून विधिमंडळाने एकाची निवड करावी. दुसरी : गव्हर्नराची मुदत चार वर्षे आणि त्यापुढे त्याचा उत्तराधिकारी निवडला जाऊन पात्र ठरेपर्यंत. तिसरी : गव्हर्नराचा मृत्यू झाला वा त्याने राजीनामा दिला तर लेफ्टनंट गव्हर्नर कार्यकारी सत्ता चालवील. निवडून आलेली, पण शपथ न घेतलेली व्यक्ती मृत्यू पावली तर काय, याविषयी घटना मौन बाळगून होती. हे मौन आश्चर्यकारक आहे. कारण राष्ट्राध्यक्षाच्या बाबतीत नेमक्या याच प्रसंगाची तरतूद अमेरिकेच्या घटनेतील विसाव्या दुरुस्तीने १९३३ मध्येच केली होती. बारा वर्षांनी तयार झालेल्या जॉर्जियाच्या घटनेने तिची दखल घेतली नाही.

टॅल्मेजच्या माणसांनी पहिल्या तरतुदीचा आधार घेण्याचे ठरविले. अमेरिकेत मतदारास मतपत्रिकेवर नसलेले नाव हाताने लिहून मत देता येते. यूजीनचा तेहतीस वर्षांचा मुलगा, नौदलातून परतलेला वकील हर्मन टॅल्मेज, याच्या नावाने अशी काही मते गाजावाजा न करता टाकावयाची योजना झाली. पित्याचा मृत्यू झाल्यास 'सर्वाधिक मते मिळालेल्या हयात व्यक्तीं'पैकी तो एक ठरेल, हा हिशेब. २१ डिसेंबर १९४६ रोजी यूजीन टॅल्मेजचे निधन झाले.

विधिमंडळाने जानेवारीत मतमोजणीचे कागद उघडले तेव्हा एक अडचण उपस्थित झाली. हाताने लिहिलेली मते कार्मायकेल यांच्या नावे ६६९ निघाली, आणखी एका व्यक्तीच्या नावे ६३७ आणि हर्मनच्या नावे अवघी ६१७. पहिल्या दोघांत हर्मन नव्हता! मग टेलफेअर काउंटीतून, म्हणजे टॅल्मेज घराण्याच्या स्वतःच्या काउंटीतून, नजरचुकीने बाजूला राहिलेली म्हणून ५८ मते पुढे आली. हर्मनची बेरीज ६७५ झाली आणि तो पहिला ठरला. १५ जानेवारी १९४७ च्या मध्यरात्रीनंतर विधिमंडळाने १६१ विरुद्ध ८७ मतांनी त्याला गव्हर्नर म्हणून निवडले. जुलैमध्ये तीन लाखांहून अधिक नागरिकांनी कार्मायकेल यांना दिलेली मते आणि जानेवारीत हर्मनच्या कामी आलेली ही ५८ मते एकमेकांशेजारी ठेवून पाहिली म्हणजे या व्यवस्थेत मताचे मूल्य कसे ठरत होते ते स्पष्ट होते.

पुढे मार्च १९४७ मध्ये 'अटलांटा जर्नल' या दैनिकाचे वार्ताहर जॉर्ज गुडविन यांनी टेलफेअरच्या मतदारयाद्या तपासल्या. एका केंद्रावरील मतदारांपैकी शेवटच्या तुकडीने वर्णमालेच्या क्रमाने रांगेत येऊन मतदान केल्याची नोंद त्यांना आढळली. त्यांतील काहीजण मृत होते, काही काउंटी सोडून गेलेले होते आणि काहींनी आपण मतदान केलेच नाही असे सांगितले. या वृत्तांतासाठी गुडविन यांना १९४८ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले.

तीन दावे आणि न्यायालयाचा निर्णय

निवडीनंतर लगेच हर्मनचे समर्थक गव्हर्नरच्या कार्यालयाकडे गेले. अर्नॉल यांनी पद सोडण्यास नकार दिला. तेथे झालेल्या मारामारीत अर्नॉल यांच्या एका सहायकाचा जबडा मोडला. दुसऱ्या तरतुदीनुसार आपला उत्तराधिकारी वैधपणे निवडला गेलेला नाही, म्हणून आपणच अद्याप गव्हर्नर आहोत, असा अर्नॉल यांचा दावा होता. हर्मनने कार्यालयाची कुलपे बदलली आणि गव्हर्नरचे निवासस्थानही ताब्यात घेतले, तेव्हा अर्नॉल यांनी राज्यभवनातच चौकशी-खिडकीजवळ आपले ठाण मांडले. तेथे कोणीतरी फटाका फोडला. अखेर ते आपल्या वकिलीच्या कार्यालयात गेले. राज्याचे सचिव बेन फोर्टसन यांना अपघातामुळे चाकांच्या खुर्चीत बसावे लागे. राज्यमुद्रा हर्मनच्या हाती पडू नये म्हणून त्यांनी ती खुर्चीच्या गादीखाली ठेवली आणि तिच्यावर बसून राहिले.

१८ जानेवारी रोजी थॉम्प्सन यांनी लेफ्टनंट गव्हर्नरपदाची शपथ घेतली आणि अर्नॉल यांनी राजीनामा दिला. येथे कायद्याचा एक सूक्ष्म मुद्दा आहे, जो या प्रसंगाच्या विनोदी वर्णनांत बहुधा निसटून जातो. थॉम्प्सन यांचा दावा स्वतंत्र नव्हता. यूजीन टॅल्मेज मृत्युसमयी गव्हर्नर नव्हताच. त्यामुळे 'गव्हर्नराचा मृत्यू' हे कारण त्यांना लागू पडत नव्हते. अर्नॉल अद्याप गव्हर्नर आहेत हे आधी मान्य झाले, तरच त्यांच्या राजीनाम्याने थॉम्प्सन यांच्याकडे सत्ता येऊ शकत होती. म्हणून 'तीन गव्हर्नर' असे म्हटले जात असले तरी घटनात्मक दृष्ट्या परस्परविरोधी दावे दोनच होते. अर्नॉल यांचा दावा हा थॉम्प्सन यांच्या दाव्याचा पाया होता.

१९ मार्च १९४७ रोजी जॉर्जियाच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध दोन मतांनी निकाल दिला. न्यायमूर्ती डकवर्थ यांनी बहुमताचा निर्णय लिहिला. नोव्हेंबरच्या निवडणुकीत यूजीन टॅल्मेजला बहुमत मिळाले होते; कोणासही बहुमत नसेल तरच विधिमंडळाला निवडीचा अधिकार प्राप्त होतो; म्हणून हर्मनची निवड अवैध आहे. उत्तराधिकारी नसल्याने अर्नॉल पदावर राहिले आणि त्यांच्या राजीनाम्यामुळे थॉम्प्सन कार्यकारी गव्हर्नर झाले. म्हणजे पित्याला पडलेल्या भरघोस मतांनीच पुत्राचे पद हिरावून घेतले. हर्मनने निकाल मान्य करून लगेच कार्यालय सोडले. सुमारे नऊ आठवडे तो त्या पदावर होता.

या निकालात टेलफेअरच्या ५८ मतांविषयी निर्णय देण्याची न्यायालयाला गरज पडली नाही. विधिमंडळाला अधिकारच नव्हता, असे एकदा ठरल्यावर त्या मतांचे खरेखोटेपण अप्रस्तुत झाले. युनिट पद्धतीचा प्रश्न तर न्यायालयापुढे नव्हताच. कार्मायकेल यांच्या सोळा हजारांच्या आघाडीचे काय, हे कोणीच विचारले नाही.

निकालानंतर

हर्मनच्या काळात विधिमंडळाने श्वेतवर्णीयांची प्राथमिक निवडणूक पुन्हा आणणारे विधेयक संमत केले होते. थॉम्प्सन यांनी त्यावर नकाराधिकार वापरला. या वादात प्रत्यक्ष काय पणाला लागले होते ते यावरून दिसते. थॉम्प्सन यांची कारकीर्द आणखी एका गोष्टीसाठी स्मरणात आहे. समुद्रकिनाऱ्यावरील जेकिल बेट त्यांनी १९४७ मध्ये राज्यासाठी ६,७५,००० डॉलरला विकत घेतले. हर्मनच्या मतांच्या आकड्याशी या रकमेचे साम्य निव्वळ योगायोगाचे आहे. पण जॉर्जियातील लोकांच्या ते नजरेतून सुटले नसावे.

१९४८ मध्ये उर्वरित मुदतीसाठी निवडणूक झाली आणि तीत हर्मन टॅल्मेजने थॉम्प्सन यांचा पराभव केला. या वेळी युनिट मतांबरोबर प्रत्यक्ष मतांतही तो पुढे होता. १९५० मध्ये तो पुन्हा निवडून आला आणि पुढे १९५७ ते १९८१ अशी चोवीस वर्षे अमेरिकेच्या सिनेटमध्ये होता. ही वस्तुस्थिती अभ्यासकाने टाळू नये. टॅल्मेज गटामागे केवळ युक्त्या नव्हत्या, लोकांचा मोठा पाठिंबाही होता. श्वेतवर्णीय मतदारांच्या फार मोठ्या भागाला त्याचा कार्यक्रम हवाच होता.

काउंटी-युनिट पद्धती सार्वत्रिक निवडणुकीलाही लागू करण्याची घटनादुरुस्ती १९५० आणि पुन्हा १९५२ मध्ये मतदारांनी फेटाळली. त्या मतदानात अर्थातच युनिट नव्हती. प्रत्येकाचे मत एकच मोजले गेले. न्यायालये मात्र प्रारंभी हा प्रश्न राजकीय आहे असे म्हणून दूर राहिली. १९६२ च्या 'बेकर विरुद्ध कार' या निर्णयानंतर मार्ग मोकळा झाला आणि १८ मार्च १९६३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 'ग्रे विरुद्ध सँडर्स' या खटल्यात आठ विरुद्ध एक मतांनी काउंटी-युनिट पद्धती घटनाबाह्य ठरविली. न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी लिहिलेल्या या निर्णयात एक व्यक्ती, एक मत हे तत्त्व मांडले गेले. एकोल्स आणि फुल्टनचे वर दिलेले आकडे त्याच निर्णयातील आहेत. (खटल्यातील सँडर्स म्हणजे त्याच सुमारास गव्हर्नर झालेले कार्ल सँडर्स नव्हेत. एकाच आडनावामुळे ही चूक वारंवार होते.)

विधिमंडळाने गव्हर्नर निवडण्याची तरतूद मात्र घटनेत शिल्लक राहिली होती आणि १९६६ मध्ये ती खरोखरीच वापरावी लागली. त्या वर्षी रिपब्लिकन पक्षाचे हॉवर्ड कॅलवे हे डेमोक्रॅटिक पक्षाच्या लेस्टर मॅडॉक्स यांच्यापेक्षा सुमारे तीन हजार मतांनी पुढे होते. परंतु पन्नास हजारांहून अधिक मतदारांनी मतपत्रिकेवर तिसरेच नाव हाताने लिहिल्याने बहुमत कोणासही मिळाले नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी विधिमंडळाचा अधिकार मान्य केला आणि जानेवारी १९६७ मध्ये विधिमंडळाने, मतांत मागे असलेल्या आणि वंशविभाजनाचे उघड समर्थक असलेल्या मॅडॉक्स यांची १८२ विरुद्ध ६६ मतांनी निवड केली. मतदारांनी हाताने लिहिलेले ते तिसरे नाव एलिस अर्नॉल यांचे होते. डेमोक्रॅटिक उमेदवारीच्या अंतिम फेरीत ते मॅडॉक्स यांच्याकडून पराभूत झाले होते. १९६८ मध्ये घटनादुरुस्ती होऊन अशा वेळी पहिल्या दोन उमेदवारांमध्ये लोकांनीच पुन्हा मतदान करावे असे ठरले आणि विधिमंडळाचा हा अधिकार संपुष्टात आला.